माडीवरची नवऱ्यांची शाळा

पुष्पवल्ली मॅडम मला पहिल्या दिवशी आवडली नाही आणि आजही आवडत नाही. माझी भाची सुलोचना म्हणाली, "मामा, तिच्यावर लिहा." मी म्हटलं, "लिहीन, पण आरती ओवाळणार नाही." ती म्हणाली, "तुम्ही ओवाळाल असं वाटतंय कुणाला?" म्हणून लिहायला बसलोय. शाळा मी पाचवीत सोडली, तीही तमिळ शाळा. मराठी अक्षरं वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतली. तेवढ्यावर जे निघेल ते निघेल.

तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. खाली माझं पितळी भांड्यांचं दुकान, वर एक लांब माडी. ती रिकामी पडली होती. एका दुपारी ही बाई बघायला आली. उंच, खांदे पुरुषासारखे रुंद, अंगावर सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. पापनाशमकडे मुलींना कवायत शिकवून निवृत्त झालेली. तिनं उजेड बघितला नाही, वारा बघितला नाही. म्हणाली, "जिना एकच?"

"एकच."

"बरं झालं. पळायला दुसरी वाट नको."

मला वाटलं शिवणाचा वर्ग असेल, पोरी लबाडी करत असतील. रविवारी सकाळी बघतो तर काय, बाप्येच बाप्ये माना खाली घालून जिना चढतायत, प्रेताला निघाल्यासारखे. समोरच्या कॉफीवाल्या गोविंदननं आधीच चौकशी केलेली. बायको मारणारे नवरे. काही महिला पोलीस ठाण्यानं पाठवलेले, काही कोर्टानं. त्यांना सुधारायचा वर्ग बाहेरगावच्या कुठल्याशा संस्थेनं काढला होता आणि मॅडम त्याची मास्तरीण. गोविंदन भर रस्त्यात ओरडला, "राव सार! मार खाणारीला मलम नाही आणि मारणाऱ्याला शिकवणी? तीही तुमच्या माडीवर?"

मी तडक वर गेलो. माझ्याच घरात, माझ्याच जिन्यावर. दारातच ती म्हणाली, "वर्ग चालू आहे. यायचं असेल तर चपला खाली ओळीत काढून या."

मी परत आलो. चपला काढायच्या नव्हत्या म्हणून.

आमचं सगळं बोलणं तमिळमध्ये व्हायचं, तिला मराठी येत नव्हती. इथं मी ते मराठीत लिहितोय. आणि ती बोलायची थोडं, पण आवाज असा की खाली दुकानात समया घासताना मला शब्द न् शब्द ऐकू यायचा. ऐकायची माझी इच्छा नव्हती. पण दुकान माझं, मी का उठू?

आल्या आल्या ती त्यांच्याकडून माडी झाडून घ्यायची. कुणी तिला 'अम्मा' म्हटलं तर तिथंच थांबवायची. "मी तुझी आई नाही. आई म्हटलं की माफी फुकट मिळते असं तुम्हाला वाटतं. मॅडम म्हण." आमच्याकडे माणूस अडचणीत आला की साष्टांग घालतो. तिच्या पायावर कुणी पडायला लागला की ती दोन पावलं मागं. "माझे पाय कशाला? माझं काय मोडलंस तू?" आणि 'हात उठला' असं कुणी म्हटलं रे म्हटलं की टाळी वाजवायची, कवायतीत वाजवतात तशी. "हात एकटा उठत नाही. हाताला खांदा असतो, खांद्याला नाव असतं. नाव घे."

एक रिक्षावाला होता, मुरुगेसन. धिप्पाड, डोळे कायम लाल. तो म्हणाला, "मॅडम, मी नाही मारलं. दारूनं मारलं."

"मग वर्गाला दारूला पाठवायचं. तू का आलास?"

बाकीचे हसले.

"प्यायल्यावर घरी कुठल्या रस्त्यानं जातोस?"

"ठाण्यावरून."

"ठाण्यासमोर पोलीस उभा असतो. त्याला कधी मारलंस?"

"छे छे मॅडम!"

"मग दारू मोठी हुशार आहे. पोलीस कुठला आणि बायको कुठली, तिला बरोबर कळतं."

खाली मलाही हसू आलं. पण ते बाईला दिसलं नाही, हे बरं.

वर्ग सुटला की ती आमच्या दारच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसची वेळ होईपर्यंत बसायची. आमच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायची नाही. स्वतःची बाटली. एकदा मी विचारलंच, "हे सुधारतात?"

"थोडे."

"थोडे म्हणजे?"

"थोडे म्हणजे थोडे. राव सार, माझ्यापुढे सगळेच सुधारतात. रविवारी तर साधू असतात. खरं काय ते बायकांना माहीत. म्हणून मी दर आठवड्याला बायकांना फोन करते."

"मग हा तमाशा कशाला? त्यापेक्षा खांबाला बांधून दोन ठेवून द्यावेत. आमच्या वेळी मुलीचा मामा जायचा आणि सरळ करून यायचा."

"तुम्ही त्याला दोन ठेवून द्याल आणि जेवायला घरी याल. तो त्या दोनांचे चार कुणाला देईल?"

मला याचं उत्तर येत होतं. पण तोवर ती बसला निघून गेली.

मग माझ्याच घरावर आलं. सुलू माझ्या वारलेल्या बहिणीची मुलगी, माझ्याच घरी वाढली. तिरुवैयारूला दिली. तिचा नवरा मोहनराव, आपल्याच लोकांतला, सरकारी कचेरीत कामाला. कपाळाला नीट गंध, शर्टाला इस्त्री, तोंडात साखर. त्यानं सुलूचं मनगट मोडलं. शेजारणीनं फोन केला, पोलीस बायका आल्या. सुलू म्हणाली, मला खटला नको. त्यांनी मोहनरावला वर्गाला पाठवलं. आणि वर्ग कुठला, तर माझ्या माडीवरचा. पहिल्या रविवारी तो आला, दुकानासमोर वाकून म्हणाला, "नमस्कार मामा, बरे आहात ना?" आणि चपला ओळीत लावून जिना चढला. गोविंदननं त्या दिवशी काही टोमणा मारला नाही. तेच जास्त लागलं.

सुलू तेव्हा हाताला प्लास्टर घेऊन माझ्याकडे राहत होती. मी म्हटलं, आता जायचं नाही. पण आपले चार मोठे लोक बसले. म्हणाले, वर्गाला जातोय, रडून माफी मागितली, संसार मोडू नका. त्यांनी मॅडमलाही विचारलं. ती म्हणाली, "माझा वर्ग म्हणजे जामीन नव्हे. मी कुणाची हमी देत नाही." मोठ्या लोकांना ते उद्धट वाटलं. मलाही वाटलं, पण त्या दिवशी आमचं दोघांचं मत एक होतं, ही गोष्ट मला फार जड गेली. सुलूचं शिवणाचं काम तिरुवैयारूलाच होतं. प्लास्टर निघालं आणि ती गेली.

मोहनराव वर्गात पहिला नंबर. सगळ्यांच्या आधी यायचा, न सांगता झाडू घ्यायचा. शुद्ध तमिळ, जसं रेडिओवर बोलतात तसं. "मी मारलं. मारायचं मीच ठरवलं. रागाचा दोष नाही." मुरुगेसन अजून 'हात उठला'वरच अडकलेला, तर हा त्याला समजावून सांगायचा. संस्थेचे साहेब एकदा गाडीतून आले, मोहनरावचं बोलणं ऐकून त्यांनी त्याचा हातच धरला. त्यांच्या समारंभात याला व्यासपीठावर उभं करायचं ठरलं. बिघडलेला माणूस कसा घडवला, त्याचा नमुना.

मॅडम मात्र तोंड वाकडं करून म्हणाली, "जी मुलगी पहिल्याच दिवशी ओळीत नीट उभी राहते, तिनं कवायत केलेली नसते. दुसऱ्यांची बघितलेली असते."

मी म्हटलं, "मग त्याला हाकला."

"त्याची बायको सांगते सगळं ठीक आहे. हसून बोलते. मी तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?" आणि मग, ही बाई कधी नव्हे ती मऊ आवाजात म्हणाली, "तुमची भाषा फार गोड आहे हो राव सार. फोनवर मागून तो तिला हळूच काहीतरी म्हणत असतो. लहान मुलाला भरवताना म्हणतात ना, तसं."

बायकांना ती नेहमी नवरे कामावर असताना फोन करायची. पण सुलूही दिवसभर कामाला, शिवणाच्या मशिनींच्या आवाजात बोलता यायचं नाही. म्हणून तिला संध्याकाळी, घरी. मागून तमिळ आवाज आला असता तर बाईनं तिथंच कान टवकारले असते. हा आवाज मराठी होता, आणि गोड होता.

एका संध्याकाळी ठाण्यातलं काम आटपून ती आमच्या तिण्णैवर बसली. बस चुकली होती. तिथूनच तिनं सुलूला फोन लावला. आयुष्यभर शिट्ट्या फुंकून तिचा एक कान अधू झालेला, त्यामुळे फोन नेहमी मोठ्या आवाजावर. मी दुकानाच्या दारात. मला काय, मी पाठ फिरवली.

"कशी आहेस सुलोचना?"

"बरी आहे मॅडम," सुलू तमिळमध्ये म्हणाली.

आणि तिच्या मागून मोहनरावचा आवाज. मराठीत, मऊ, लाडका, अंगाई म्हटल्यासारखा. "हास. थोडं मोठ्यानं हास. दुसरा हात अजून धड आहे ना तुझा?"

सुलू हसली.

फोनच्या या बाजूला मॅडमही हसली.

मी वळलो. माझ्या तोंडाकडे बघितल्याबरोबर बाईला कळलं काहीतरी झालंय. मी ओरडणार तोच तिनं तळवा पुढं केला, रहदारीचा पोलीस करतो तसा. आणि सुलूशी तशीच बोलत राहिली, जेवलीस का, काम कसं आहे, बरं, ठेवते. फोन बंद झाल्यावर विचारलं, "काय म्हणाला?"

मी तमिळमध्ये सांगितलं. तिनं पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. तिचा चेहरा राखेसारखा झाला. म्हणाली, "इतके आठवडे मी हे ऐकतेय. ऐकून मला बरं वाटत होतं."

मग मी बाईला सोडलं नाही. जे तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, पूर्वी तो नुसता मारायचा, तुमच्या शाळेनं त्याला बोलायला शिकवलं. आधी जनावर होतं, तुम्ही त्याला इस्त्री केली. गोविंदन कॉफीची भांडी टाकून बघत उभा. तिनं एका शब्दानं अडवलं नाही. मी लोखंडी पहार उचलली तेव्हा मात्र उठून खांबासारखी दारात उभी राहिली.

"तुम्ही जाल. तो दार उघडून म्हणेल, या मामा, कॉफी घ्या. तुमच्या हातात पहार. बघणाऱ्याला वेडा कोण दिसेल?"

पहार मी खाली ठेवली. तिनं सांगितलं म्हणून नाही. जड होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तिरुवैयारूला गेलो, सुलूच्या शिवणाच्या कारखान्यात. मॅडमनं सुलूला मशिनीपासून बाजूला घेतलं आणि म्हणाली, "फोनवर तुझ्या मागून कोण काय बोलतं ते मला काल कळलं. आधी विचारायला हवं होतं. चूक माझी. आज घरी जायचं की नाही ते तू सांग. मामा नाही सांगणार, मीही नाही."

मी तोंड उघडलं होतं. बाईनं माझ्याकडे बघितलं. मिटलं.

सुलू मला मराठीत म्हणाली, "मामा, लोक काय म्हणतील?"

"लोकांकडे मी बघतो. मला तेवढंच येतं."

अंगावरच्या कपड्यानिशी ती निघाली. सामान नंतर पोलीस बायका घेऊन आल्या. आणि यावेळी सुलू म्हणाली, खटला घाला.

त्या रविवारी मोहनराव नेहमीसारखा आला आणि झाडू घेतला. त्याला कोण जाणे कसली खात्री होती. मॅडमनं आधीच सुलूला विचारून ठेवलं होतं, हे वर्गात बोलू का. सुलू म्हणाली होती, बोला, मोठ्यानं बोला. मॅडमनं मला वर बोलावलं. मी चपला काढल्या. तेवढं एकदाच.

"राव सार, ते वाक्य आधी मराठीत म्हणा. मग तमिळमध्ये."

मी म्हटलं. मोहनराव हसला, तमिळमध्ये म्हणाला, "मामांचं वय झालं. ऐकू कमी येतं. मी तिला प्रेमानं हास म्हणतो, त्यात काय?"

मग कोपऱ्यातून मुरुगेसन उठला. त्याला उठताना कुणी कधी बघितलं नव्हतं, बाई हाक मारेपर्यंत तो बसूनच असायचा. म्हणाला, "मीपण म्हणायचो. सासू आली की बायकोला म्हणायचो, हास. ती हसली नाही तर सासू गेल्यावर मी मारायचो." त्यानं स्वतःच्या छातीवर थाप मारली. "मी. हात नव्हे. मी."

मॅडमनं त्याला शाबासकी दिली नाही. ती कुणालाच देत नसे. मोहनरावच्या हातातला झाडू घेतला आणि जिन्याकडे बोट दाखवलं.

संस्थेचे साहेब चिडले. समारंभाच्या पत्रिकेत मोहनरावचं नाव छापलेलं. त्यांनी फोनवर बाईला झापलं ते खाली मलाही ऐकू आलं. ती एवढंच म्हणाली, "व्यासपीठावर उभं करायचंच असेल तर मला करा. माझी चूक सांगते." तो समारंभ काही झाला नाही.

मग तिनं एक नवीनच खूळ काढलं. तिण्णैवर येऊन मला म्हणते, "मला तुमच्या भाषेतल्या धमक्या शिकवा."

"काय?"

"धमक्या. गोड आवाजात देतात त्या. 'जेवलीस का' मला नकोय."

मी म्हटलं, आमच्या घरात असलं बोलत नाहीत. तर म्हणते, "कुणाच्याच घरात बोलत नाहीत, राव सार. तरी शिकवा." मी भीड ठेवली नाही, सरळ नाही म्हटलं. ती रोज येऊन बसायला लागली. शेवटी कटकट जावी म्हणून शिकवायला लागलो. कवायतीच्या आवाजात ती म्हणायची, "घरी चल, दाखवतो!" "लोकांसमोर काय बोलू आता!" 'ळ' तिचा पहिल्यापासून पक्का, पण 'ख' आणि 'घ' मात्र शेवटपर्यंत 'क'च राहिले. सरस्वती महाल ग्रंथालयाकडे जाणारे प्रवासी थांबून बघायचे, म्हातारा-म्हातारी भांडतायत म्हणून. गोविंदन म्हणायचा, "राव सार, ह्या वयात?" तेलुगु तिनं एका मास्तरणीकडून घेतली, सौराष्ट्री एका विणकराच्या सुनेकडून. ह्या एका गावात किती भाषांतून बायकांना धमकावतात, ते तिला तोंडपाठ झालं. आणि त्यानंतर एकाही बाईला तिनं घरी फोन केला नाही. बस धरून, बाई जिथं काम करते तिथं जाऊन भेटायची.

सुलूचा खटला उभा राहिला. मोहनरावच्या वकिलानं संस्थेनं त्या समारंभाआधी दिलेलं पत्र काढलं: हा माणूस पूर्ण सुधारला आहे. मग त्यानं मॅडमला उभं केलं. चलाख माणूस. म्हणाला, "मॅडम, एकच विचारतो. तुमच्या वर्गानं माणूस सुधारतो की नाही?"

मला कायदा कळत नाही, पण सापळा कळतो. हो म्हटलं तर मोहनराव सुधारला. नाही म्हटलं तर वर्गाला कुलूप. संस्थेचे साहेब पुढच्याच बाकावर बसले होते.

ती म्हणाली, "एखादा सुधारतो. हा नाही सुधारला. माझ्याकडे येऊन हा जास्त वाईट झाला. ह्याला काय बोलायचं ते मी शिकवलं."

"म्हणजे तुमचा वर्ग फसला?"

"ह्याच्या बाबतीत फसला. आणि फसला हे मला कळलंसुद्धा नाही. तिला विचारा. मला विचारून कुणाला काय कळणार?"

मग न्यायाधीशबाईंनी सुलूला विचारलं. सुलूनं सगळं सांगितलं, मान वर करून. हुकूम झाला: त्यानं सुलूजवळ जायचं नाही, घरी नाही, कामावर नाही, फोनवर नाही. आणि पुढचा रविवार यायच्या आधीच संस्थेनं वर्ग बंद केला. माडी पुन्हा रिकामी. मुरुगेसन मध्ये एकदा येऊन जिन्याकडे बघून गेला. तो सुधारला का, मला माहीत नाही. त्याच्या बायकोला माहीत.

मॅडमला मी शेवटचं बघितलं ते त्या हुकुमाच्या दिवशी, कोर्टाच्या व्हरांड्यात. तिचे आभार मानायला गेलो नव्हतो. तीही थांबली नव्हती. पुढे ती, मागे सुलू आणि मी. खांबापाशी मोहनराव वकिलाबरोबर उभा. भोवती पोलीस, कारकून, सगळे तमिळ लोक. सुलू जवळून जाताना तो तिच्याकडे न बघता, त्याच लाडक्या आवाजात मराठीत म्हणाला, "कुठं जाशील राणी? माझ्याच दारात येशील."

मी त्याच्याकडे वळलो. पण मॅडम आधीच थांबली होती. वळून ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिच्या त्या खडबडीत, सगळा व्हरांडा दणाणून सोडणाऱ्या आवाजात, तोडक्या मराठीत म्हणाली, "मला कळलं. परत बोल. पोलिसाला मी सांगते तमिळमध्ये."

दारातला पोलीस जवळ आला. मोहनरावनं तोंड उघडलं, पण कुठल्या भाषेत बोलावं ते त्याला सुचेना.

ती तोवर पायऱ्या उतरून रस्त्याला लागली होती. पापनाशमची बस निघत होती. हात वर करून तिनं ती थांबवली, चढली, आणि एकदाही मागं बघितलं नाही.